सेंट अँड्र्यूजचें समुद्रकांठचें गायरान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यांत, सेंट अँड्र्यूज नांवाचें एक लहानसें शहर आहे. एका बाजूस उत्तर समुद्राचा उपसागर, दुसऱ्या बाजूस ईडन नदीची खाडी, मध्यें वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पाठीशीं पसरलेलें आखूड व चिवट गवताचें मैदान, असें त्या स्थळाचें रूप आहे. गॉल्फ या खेळाचें माहेरघर म्हणून हें मैदान साऱ्या जगांत ओळखलें जातें. जे प्रवासी एडिंबरोपर्यंत जातात त्यांपैकीं कित्येकांस हें स्थळ पाहण्याची इच्छा होते; मग त्यांनीं आयुष्यांत गॉल्फची काठी हातीं धरलेली असो वा नसो.

परंतु भेटीचा बेत आखूं लागतांच अशा प्रवाशास तीन गोष्टींचें नवल वाटतें. पहिली गोष्ट अशी कीं, इतक्या नामांकित मैदानावर खेळण्यासाठीं कोणत्याहि क्लबाचें सभासद असावें लागत नाहीं. इच्छुकांच्या नांवांच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात व ज्याची चिठ्ठी निघेल तो खेळतो. दुसरी गोष्ट, इतरत्र ज्या दिवशीं गॉल्फच्या मैदानांवर सर्वांत अधिक गर्दी असते त्या रविवारीं येथें खेळ बंद असतो. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, बंद याचा अर्थ कुलूप नव्हे. रविवारीं त्याच हिरवळीवर शहरांतील म्हातारे फिरावयास येतात, मुलें धांवतात, कुत्रीं बागडतात. आणि इतर दिवशींहि मैदानाच्या पहिल्या व अखेरच्या पल्ल्याला आडवा छेदून जाणारा सार्वजनिक रस्ता लोकांच्या वहिवाटीचाच असतो.

हे नियम कोणाच्या लहरीनें झालेले नाहींत. त्यांच्या मागें चारपांचशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: हें मैदान कोणाचें? आपल्याकडे गांवोगांवच्या गायरानांविषयीं हाच प्रश्न अनेकदां उपस्थित झालेला आहे, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां गांवाच्या विरुद्ध गेलेलें आहे. सेंट अँड्र्यूजच्या गांवकऱ्यांनीं तें आपल्या बाजूनें कसें फिरविलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

समुद्र मागें हटला म्हणजे जी वालुकामय, नापीक जमीन उघडी पडते तिला त्या देशांत ‘लिंक्स’ म्हणतात. तिच्यांत धान्य पिकत नाहीं. गवत मात्र उगवतें, आणि मेंढ्या व ससे तें कुरतडून आखूड ठेवतात. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून मेंढ्यांनीं वाळूंत उकरलेल्या खळग्यांतूनच गॉल्फच्या मैदानांवरील ‘बंकर’ निर्माण झाले, असें परंपरेनें सांगतात. अशा जमिनीवर गांवकऱ्यांनीं गुरें चारावीं, गवताचीं ढेंकळें कापून न्यावीं, ससे पकडावे, बायकांनीं धुतलेले कपडे वाळत घालावे, आणि फावल्या वेळीं काठीनें चेंडू टोलवीत फिरावें, असा परिपाठ होता. हें मैदान कोणीं आंखलें नाहीं. तें वाऱ्यानें, मेंढ्यांनीं आणि माणसांच्या पायांनीं घडत गेलें.

खेळाचें नांव इतिहासांत प्रथम येतें तें मात्र बंदीच्या निमित्तानें. १४५७ सालीं राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दींत स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें फुटबॉल व गॉल्फ हे दोन्ही खेळ मना केले. कारण त्यांच्या नादानें लोक धनुर्विद्येचा सराव सोडूं लागले होते आणि इंग्लंडशीं वैर चालूं होतें. ही बंदी १४७१ व १४९१ सालीं पुन्हां जाहीर करावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली असेल याची कल्पना येते. १५०२ सालीं इंग्लंडशीं तह झाला, आणि त्याच वर्षीं राजा चौथा जेम्स यानें पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गॉल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे. ज्या कारागिरानें युद्धाचीं साधनें बनवावयाचीं त्यानेंच आतां खेळाचीं बनविलीं, यांत त्या काळाचा पालट दिसतो.

सेंट अँड्र्यूजच्या मैदानाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष म्हणजे १५५२. त्या वेळीं हें शहर स्कॉटलंडच्या धर्मसत्तेचें केंद्र होतें. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. सशाचें मांस व कातडें या दोहोंनाहि त्या काळीं किंमत होती. गांवानें त्याला संमति दिली. परंतु त्या बदल्यांत आर्चबिशपानें एका सनदेवर सही केली. गांवकऱ्यांनीं या जमिनीवर गॉल्फ खेळावें, फुटबॉल खेळावें, नेमबाजी करावी, तसेंच इतर सर्व प्रकारच्या करमणुकी कराव्या. त्यांत आड येण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, असा त्या सनदेचा आशय होता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत सारें चित्र पालटलें. धर्मसुधारणेच्या वादळांत १५५९ सालीं तेथील प्रचंड कॅथीड्रलची नासधूस झाली. आज त्याचे मनोरे व भग्न भिंती तेवढ्या उभ्या आहेत. खुद्द आर्चबिशप हॅमिल्टन याला १५७१ सालीं स्टर्लिंग येथें फांशीं देण्यांत आलें. त्याची सत्ता गेली, त्याचें मंदिर गेलें. पण सशांच्या बदल्यांत त्यानें लिहून दिलेला कागद तेवढा टिकला. नव्या धर्मपीठानें रविवारच्या पावित्र्याचा फार आग्रह धरला. प्रार्थना चुकवून गॉल्फ खेळणाऱ्यांना दंड होऊं लागले. रविवारच्या विश्रांतीचें मूळ याच वातावरणांत आहे.

अठराव्या शतकांत खेळाला संघटित रूप येऊं लागलें. १७५४ सालीं २२ सरदार व सद्गृहस्थ यांनीं येथें गॉल्फपटूंची मंडळी स्थापन केली. हीच पुढें १८३४ सालीं राजा चौथा विल्यम याच्या आश्रयामुळें ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लब म्हणून प्रसिद्धीस आली. त्या काळीं खेळाडू समुद्राच्या कडेकडेनें खाडीपर्यंत खेळत जात आणि त्याच खळग्यांवरून उलट परत येत. अशा रीतीनें एकंदर २२ पल्ले होत. १७६४ सालीं सुरुवातीच्या चार आखूड पल्ल्यांचे दोन लांब पल्ले करण्यांत आले. जाण्यायेण्याच्या दोन्ही खेपांत दोन दोन कमी झाल्यानें २२ चे १८ राहिले. आज जगांतील बहुतेक पूर्ण मैदानांवर १८ च खळगे असतात. त्या आंकड्यांत दुसरें कांहीं गूढ नाहीं. एका गांवच्या सोयीचा तो जगानें स्वीकारलेला हिशेब आहे.

परंतु या मानाच्या मंडळींचा खेळ रंगांत आला असतांनाच जमिनीवर संकट ओढवलें. नगरपालिका कर्जांत बुडाली आणि तिनें १७९७ सालीं लिंक्सची जमीन देऊन टाकली. गॉल्फच्या हक्काला बाध येऊं नये, अशी अट त्या दस्तऐवजांत होती. पण अट कागदावर आणि जमीन दुसऱ्याच्या हातीं, अशी स्थिति झाली. १७९९ सालीं ती डेम्पस्टर नांवाच्या व्यापाऱ्यांकडे आली व त्यांनीं तेथें व्यापारी प्रमाणावर ससे पाळावयास प्रारंभ केला. सशांनीं मैदान जागोजाग पोखरून टाकलें. चेंडू बिळांत जाऊं लागले.

यानंतरच्या सुमारें वीस वर्षांच्या कलहाला तेथें ‘सशांचें युद्ध’ म्हणतात. गांवकरी ससे मारीत, व्यापाऱ्यांचीं माणसें त्यांना अडवीत, मारामाऱ्या होत. गॉल्फच्या मंडळीनें वर्गणी जमवून एडिंबरोच्या न्यायालयांत दावा लावला. तो लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. वादाचा मुद्दा दिसावयास लहान, पण तत्त्वाचा होता. ज्यानें जमीन विकत घेतली त्याचा तिच्यावर सर्व हक्क, असें व्यापाऱ्यांचें म्हणणें. गांवाची वहिवाट ही नगरपालिकेनें विकण्याची वस्तूच नव्हे, हें गांवकऱ्यांचें म्हणणें. कज्जा लांबत गेला, आणि अखेर १८२१ सालीं जेम्स चीप नांवाच्या शेजारच्या जमीनदारानें ती जमीन विकत घेतली. तो स्वतः गॉल्फचा शौकीन असल्यामुळें मैदान वांचलें. मात्र तें वांचलें एका सज्जन माणसाच्या आवडीवर. गांवाची मालकी अजून परत आलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या कथेंत हिंदुस्थानचा एक धागा येतो. सर ह्यू लायन प्लेफेअर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेला अधिकारी सेंट अँड्र्यूज येथें येऊन राहिला आणि १८४२ पासून १८६१ मध्यें मरण येईपर्यंत तेथील नगराध्यक्ष होता. मोडकळीस आलेलें हें विद्यापीठाचें शहर त्यानें झाडून पुसून नीटनेटकें केलें. १८५२ सालीं आगगाडी आली, १८५४ सालीं मैदानाच्या तोंडाशीं क्लबाची इमारत उभी राहिली. अशाच स्कॉटिश व्यापाऱ्यांनीं व सैनिकांनीं हा खेळ तिकडून इकडे आणला होता; ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गॉल्फ क्लब १८२९ सालीं कलकत्त्यास स्थापन झाला, आणि मुंबईंतहि १८४२ सालीं असा क्लब निघाला.

याच सुमारास पूर्वेकडील आणखी एका वस्तूनें खेळाचें स्वरूप बदललें. तोंपर्यंतचा चेंडू म्हणजे कातड्याची लहानशी पिशवी. तींत उकडलेलीं पिसें ठासून भरीत. कुशल कारागीरहि दिवसाला तीनचारच चेंडू करूं शके. म्हणून चेंडू महाग, आणि पावसांत भिजला कीं निकामी. १८४८ च्या सुमारास मलायांतील एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्चापासून, केलेला चेंडू आला. तो स्वस्त व टिकाऊ होता. सेंट अँड्र्यूजचा प्रख्यात खेळाडू अॅलन रॉबर्टसन हा पिसांचे चेंडू करून पोट भरीत असे. त्याला या नव्या चेंडूचा संताप आला, आणि त्यावरूनच त्याचें व त्याच्या हाताखालच्या टॉम मॉरिसचें बिनसलें. परंतु काळाची गति कोणाला थांबवितां येत नाहीं. चेंडू स्वस्त झाला, आगगाडी दाराशीं आली, आणि शिंपी, सुतार, दुकानदार असे सामान्य लोक मोठ्या संख्येनें खेळूं लागले.

टॉम मॉरिस प्रेस्टविक या दुसऱ्या किनाऱ्यावरील गांवीं गेला. तेथें १८६० सालीं खुल्या अजिंक्यपदाचा सामना सुरू झाला. तो त्यानें चार वेळां जिंकला. त्याच्या मुलानेंहि चार वेळां जिंकला. १८६४ सालीं सेंट अँड्र्यूजनें त्याला मैदानाचा रखवालदार म्हणून परत बोलाविलें, आणि १९०३ पर्यंत त्यानें हें काम केलें. त्यानें कांटेरी झुडुपें काढून मैदान रुंद केलें, हिरवळींवर वाळू पसरून गवत धरविलें, पहिल्या व सतराव्या खळग्यांच्या हिरवळी अलग केल्या. त्यामुळें जाणाऱ्यायेणाऱ्या खेळाडूंची टक्कर कमी झाली. तरी जुन्या रचनेची खूण आजहि आहे: १८ पैकीं १४ खळगे सात जोड-हिरवळींवर आहेत आणि प्रत्येक जोडींतील खळग्यांच्या क्रमांकांची बेरीज १८ येते. रविवारच्या सुटीविषयींहि मॉरिसचा कटाक्ष होता. खेळाडूंना विश्रांति नको असली तरी गवताला ती हवी, असें तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. धर्माज्ञेनें आलेल्या नियमाला त्यानें माळ्याच्या शहाणपणाचा आधार दिला.

शतकाच्या अखेरीस मालकीचा प्रश्न पुन्हां निघाला. चीप घराण्यानें जमीन विकावयाचें ठरविलें आणि १८९३ सालीं रॉयल अँड एन्शंट क्लबानें ती घेण्याची व्यवस्था केली. क्लबांत श्रीमंत व वजनदार लोक होते. मैदानावर त्यांचें प्रेम होतें, यांतहि शंका नाहीं. परंतु नगरपालिकेनें यावेळीं शंभर वर्षांपूर्वींची चूक पुन्हां होऊं दिली नाहीं. तिनें थेट पार्लमेंटांत धांव घेतली, आणि १८९४ च्या लिंक्स कायद्यानें जमीन शहराची झाली. तडजोड अशी ठरली कीं, क्लबानें जुनें मैदान राखावें, शेजारीं एक नवें मैदान तयार करावें आणि त्या बदल्यांत आपल्या सभासदांसाठीं कांहीं सवलती घ्याव्या. नवें मैदान १८९५ सालीं सुरू झालें. ज्या क्लबानें साऱ्या जगाला खेळाचे नियम दिले, त्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीखालचें मैदान मात्र त्याचें नाहीं. तें शहराचें आहे.

शहराच्या मालकीचा अर्थ कागदापुरता राहिला नाहीं. १९१३ पर्यंत बाहेरच्या माणसालाहि येथें खेळण्यास पैसे पडत नसत, आणि गांवकरी तर १९४६ पर्यंत फुकट खेळत. १९७४ सालीं पार्लमेंटच्या दुसऱ्या कायद्यानें सर्व व्यवस्था एका विश्वस्तमंडळाकडे गेली. आज त्याच्या ताब्यांत सात मैदानें आहेत. या हक्कांची आठवण शहर किती कौतुकानें जपतें, हें १९५८ सालीं दिसलें. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स याला तेव्हां शहराचें सन्माननीय नागरिकत्व देण्यांत आलें. यापूर्वीं हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ सालीं बेंजामिन फ्रँकलिन. जोन्सला मिळालेले हक्क त्या वेळीं सांगण्यांत आले: लिंक्सवर ससे पकडणें, गवताचीं ढेंकळें काढणें, आणि पहिल्या व शेवटच्या पल्ल्यावर आपले कपडे वाळत घालणें. सभेंत हंशा पिकला असेल. पण वीस वर्षांचा कज्जा ज्यासाठीं झाला, ते हेच हक्क होत.

सर्वच हक्क सर्वांना सारखे मिळाले, असें मात्र नाहीं. स्त्रियांनीं खांद्यावरून काठी उगारून खेळणें अशोभनीय मानलें जात असे. म्हणून १८६७ सालीं त्यांनीं आपला निराळा क्लब काढला आणि केवळ हलक्या हातानें चेंडू खळग्यांत घालण्याचा खेळ सुरू केला. त्यांची चढउतारांची हिरवळ आजहि आहे आणि तिचें नांव ‘हिमालय’ असें आहे. खुद्द रॉयल अँड एन्शंट क्लबानें स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ सालीं, म्हणजे स्थापनेनंतर २६० वर्षांनीं.

हा इतिहास ध्यानांत ठेवून जो प्रवासी भेटीचा बेत आखील त्याला तेथील नियम जाचक वाटणार नाहींत. एडिंबरोहून शहर सुमारें ५० मैलांवर आहे. प्लेफेअरच्या वेळची आगगाडी १९६९ सालीं बंद झाली. म्हणून लूकर्स स्थानकावर उतरून उरलेले पांच मैल बसनें जावें लागतें. जून महिन्यांत तेथें रात्रीं दहापर्यंत उजेड असतो. पण समुद्रावरचा वारा उन्हाळ्यांतहि बोंचतो, तेव्हां गरम कपडे हवेतच. जुन्या मैदानावर खेळावयाचें असेल तर निदान दोघांनीं मिळून, इच्छित दिवसाच्या दोन दिवस आधीं, सोडतींत नांवें घालावीं आणि आपल्या कौशल्याचा दाखला, म्हणजे हँडिकॅप, तयार ठेवावा. सर्व वेळा बाहेरच्यांना मिळत नाहींत. कांहीं गांवकऱ्यांसाठीं राखीव असतात, आणि तें योग्यच आहे. चिठ्ठी न निघाल्यास इतर मैदानें आहेत. ज्याला गॉल्फ येतच नाहीं त्याच्यासाठीं अल्प फी देऊन ‘हिमालय’ आहे.

त्याच्याकरितां रविवारहि आहे. त्या दिवशीं कोणतीहि चिठ्ठी न टाकतां, फी न देतां, स्विल्कन ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल ओलांडावा, मैदानांतून खाडीच्या दिशेनें चालत जावें आणि वाळूच्या टेकड्यांपलीकडून भरतीचा आवाज ऐकावा. टेकड्यांची धूप होते म्हणून आतां वाळू आणून, गवत लावून त्या पुन्हां बांधाव्या लागतात. समुद्राशीं कज्जा करावयास कोणतेंच न्यायालय नाहीं. परंतु माणसांशीं जो कज्जा झाला तो या गांवानें जिंकला आहे. २०२२ पर्यंत ३० वेळां खुल्या अजिंक्यपदाचे सामने या मैदानावर झाले. तरी तेथील विजेत्यांच्या नांवांइतकाच मोलाचा तेथील वारसा म्हणजे, कोणाचीहि परवानगी न घेतां त्या गवतावरून चालत जाणारा रविवारचा गांवकरी होय.